सव्वासहाची हाक

खाडीकाठच्या एका गावी एकदा एक भांड्यांचा व्यापारी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा विद्यार्थी झाला. त्याला एकच गोष्ट शिकायची होती. रोज संध्याकाळी सव्वासहाला आपली मेलेली बायको काय म्हणते, ते त्याला समजून घ्यायचं होतं.

त्याची बायको कुमुद हौशी रेडिओचालक होती. तिच्याकडे सरकारी परवाना होता, घराच्या छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची तार होती आणि मधल्या खोलीत टेबलावर रेडिओसंच होता. संचासमोर संदेश ठोकण्याची एक पितळी दांडी होती. मोर्सच्या ऱ्हस्व-दीर्घ ठोक्यांमधून ती रोज संध्याकाळी दूरदूरच्या न पाहिलेल्या माणसांशी बोलत असे. व्यापारी दुकानातून येऊन भिंतीच्या अलीकडे वर्तमानपत्र उघडून बसे आणि पलीकडून ते ठोके येत. बावीस वर्षांत त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

"अहो, शिका की," ती म्हणे. "अक्षरं महिन्याभरात येतील."

"घरात एक बोलणारं माणूस पुरे," तो पानामागून म्हणे.

बोलणं संपलं की शेवटी दोन छोट्या टिचक्या ऐकू येत. डिट, डिट. ही त्या लोकांची एकमेकांचा निरोप घ्यायची रीत. मग खुर्ची सरकल्याचा आवाज होई आणि "चहा टाकते हं" म्हणत ती बाहेर येई. व्यापाऱ्याची संध्याकाळ त्या दोन टिचक्यांनी सुरू होत असे.

माघ महिन्यात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन कुमुद गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. घर रिकामं झालं. एका संध्याकाळी व्यापारी मधल्या खोलीत गेला आणि काही विचार न करता त्यानं संचाचं बटण फिरवलं. आकड्यांची तबकडी उजळली. काटा तिनं शेवटी जिथं ठेवला होता तिथंच होता. आधी नुसती खरखर आली, भिंतीपलीकडे कोणी झोपेत श्वास घ्यावा तशी, मंद आणि एका लयीत. आणि सव्वासहाला त्या खरखरीतून ठोके आले.

तो जागच्या जागी थिजला. परवान्याबरोबर सरकारनं कुमुदला दिलेलं अक्षरं-आकड्यांचं नाव, ज्याला ते लोक कॉलसाइन म्हणतात, ते व्यापाऱ्याला अर्थानं ठाऊक नव्हतं. पण बावीस वर्षं रोज ऐकून त्याची चाल पाठ झाली होती. तीच चाल आता तीनदा वाजली. हातही तोच होता. कुमुद शेवटचा दीर्घ ठोका किंचित लांबवीत असे, जणू दांडीवरून बोट उचलायचं तिच्या जिवावर येई. हा ठोकाही तसाच लांबला. मग आणखी काही वाजलं, त्यानंतर काही क्षण खरखर, मग पुन्हा तीच चाल. साडेसहाला सगळं थांबलं. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला ते पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या दिवशीही.

गावाबाहेरच्या टेकडीवर एक वृद्ध तारमास्तर राहत. तीस वर्षं त्यांनी जहाजांच्या वायरलेस-खोल्यांत काढली होती, आणि कुमुदला मोर्स त्यांनीच शिकवला होता. व्यापारी त्यांच्याकडे गेला.

"मास्तर, मला मोर्स शिकवा."

"पन्नाशी उलटल्यावर मुंज करायला आलात?" मास्तर म्हणाले. "बसा. काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं.  मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या लोकांत कुणी वारलं तर 'वारला' असं म्हणत नाहीत. 'त्याची दांडी शांत झाली' असं एकमेकांना कळवतात. कुमुदची..."

"ते म्हणू नका," व्यापारी एकदम म्हणाला. "तिची दांडी शांत झालेली नाही. मी रोज ऐकतो."

"तुम्ही उत्तर दिलंत?"

"मला येतंय कुठं?"

"बरं आहे." मास्तर म्हणाले. "तुम्ही भांडी विकता. माल घेताना काय बघता?"

"वाजवून बघतो. चीर असली की नाद बसका येतो."

"आणि भांडं चांगलंच असणार असं मनानं आधीच धरून वाजवलं तर?"

व्यापारी ओशाळून हसला. "मग चीर ऐकू येत नाही. दोनदा फसलोय तसा."

"तिसऱ्यांदा फसायला आलायत. उद्या दुपारी या. येताना तिची दांडी संचापासून सोडवून आणा. ती माझ्याकडे राहील."

"ती कशाला?"

"ऐकता येईपर्यंत बोलायचं नाही. माझी फी तेवढीच."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं दांडी सोडवली. पितळेवर तिच्या बोटाच्या जागी लख्ख डाग पडला होता. मास्तरांनी ती हातरुमालात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. तिचं उरलेलं बोट कुणी काढून नेलं असं त्याला वाटलं.

शिकवणी रोज दुपारी, दुकान बंद असण्याच्या वेळात होई. मास्तर फळ्यावर काही लिहीत नसत. टिंबं आणि रेघांचा तक्ता त्यानं कुठून तरी मिळवला तेव्हा त्यांनी तो घडी करून चुलीत टाकला. "तक्ता डोळ्यांसाठी असतो. तुम्हाला कानानं शिकायचंय." ते तोंडानं अक्षर गुणगुणत, डि-डा, डा-डि-डि-डिट, आणि व्यापारी ऐकून कागदावर रोमन अक्षर लिही. अक्षरं पटापट येऊ लागली, पण संदेश येईना. एक अक्षर चुकलं की तो पेन्सिल धरून तिथंच अडे, आठवायचा प्रयत्न करी, आणि तेवढ्यात पुढची चार निघून जात.

"सुटलेलं सोडून द्या," मास्तर म्हणत.

"पण ते काय होतं?"

"होतं. गेलं. आता पुढचं वाजतंय, ते घ्या."

"एक अक्षर तर आहे मास्तर, आठवतो ना."

"एका अक्षरासाठी सगळी तार बुडवाल तुम्ही. जहाजावर असतात तर आम्ही सगळे बुडालो असतो."

घरी मात्र तो हा धडा रोज विसरे. सव्वासहाला ठोके येत, कुमुदचं कॉलसाइन आता अक्षर न् अक्षर कळे, आणि ते कळताच डोळे भरून येत. पुढचं काही कानात शिरतच नसे. तिचं नाव धरून तो पंधरा मिनिटं बसून राही. आषाढात आकाशातल्या विजांनी खरखर इतकी वाढली की त्या गदारोळात नावच तेवढं अधूनमधून वर येई, बुडणाऱ्याच्या हातासारखं. ती वेळ चुकू नये म्हणून तो सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेला नाही. दुकानातून साडेपाचलाच निघू लागला. बहिणीनं फोनवर विचारलं, "दादा, असं काय आहे रे त्या घरात?" तेव्हा तो म्हणाला, "तुझी वहिनी आहे." 

श्रावणातल्या एका दुपारी मास्तरांनी आपल्या संचाचे हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले. "आज सिग्नल फार बारीक आहे. मिळेल ते लिहा," असं म्हणून ते उठले आणि संचाच्या मागं जाऊन उभे राहिले.

खरखर सुरू झाली. व्यापाऱ्यानं डोळे मिटले. हळूहळू तिच्या तळाशी काहीतरी हललं. बारीक, पण स्पष्ट. हात तिचाच. तो लिहीत गेला. पाचेक मिनिटांनी त्यानं डोळे उघडून कागदाकडे बघितलं. रोमन अक्षरांत मराठी शब्द होते: *दूध तापलं का. दार लोटून घ्या. इथं फार गार आहे.*

त्यानं कागद वर धरला. "मास्तर!"

मास्तर संचामागून पुढे आले. त्यांच्या हातात छपरावरून आलेल्या तारेचं टोक होतं. ती त्यांनी सुरुवातीलाच काढली होती. तारेवाचून संचाला बाहेरचं काही ऐकू येत नाही, एवढं व्यापाऱ्यालाही आता कळत होतं.

"मग हे कुणी पाठवलं?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी कागद वाचला आणि त्याची नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवली. "ते मला विचारू नका. बाहेरून आलेलं नाही, एवढंच मी सांगू शकतो."

"म्हणजे सव्वासहाचंसुद्धा...?"

"परीक्षा द्या. परवाना हातात येऊ दे. मग एकदा सव्वासहाला आपण दोघं मिळून ऐकू."

त्या दिवसापासून व्यापाऱ्याला संचाची भीती वाटू लागली. हाक यावी असं वाटे आणि येऊ नये असंही वाटे. ठोके बाहेरून येतात की आपल्याच कवटीतून, हे ठरवायला घरात दुसरं माणूस नव्हतं. एकदा त्यानं दूध द्यायला आलेल्या गवळ्याला आत बोलावलं. "काही ऐकू येतंय?" गवळ्यानं कान लावला, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि "येतंय ना, येतंय," म्हणत तो लगबगीनं निघून गेला. खरं बोलला की घाबरून, कळायला मार्ग नव्हता.

तो परीक्षेला शहरात जाऊन आला. पास झाला. कार्तिकात टपालानं परवाना आला आणि त्यावर त्याचं स्वतःचं कॉलसाइन होतं. कुमुदच्याहून निराळं. ते वाचताना त्याला परक्या माणसाचं पत्र फोडल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो सव्वासहाला घरी नव्हता. टेकडीवर उन्हं उतरली होती, खाडीचं पाणी शिशासारखं दिसत होतं. मास्तरांनी तार त्याच्या देखत संचाला जोडली, हेडफोन बाजूला ठेवून आवाज खोलीभर सोडला आणि म्हणाले, "आज एकच करा. तिचं नाव आलं की ते सोडून द्या. पुढचं घ्या."

सव्वासहा वाजले. ठोके आले.

व्यापाऱ्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच घशाशी आला, कारण आता हे खरं होतं.

कुमुदचं नाव वाजलं. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटचा ठोका लांबला. त्यानं पेन्सिल कागदावरून उचललेलीच ठेवली. दात आवळून ते नाव जाऊ दिलं. मग, नऊ महिन्यांत पहिल्यांदा, त्याला पुढचं ऐकू आलं. 'कडून' असं सांगणारी खूण आली आणि तिच्यामागून एक अनोळखी कॉलसाइन तीनदा आलं.

मोर्सवाल्यांची रीत त्यानं परीक्षेसाठी घोकली होती. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग 'कडून', मग आपलं स्वतःचं. ज्याचं नाव पहिल्यांदा येतं तो बोलणारा नसतो. ज्याला बोलावलं जातं, तो असतो.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"ती हाक मारत नाहीये," तो म्हणाला. "तिला कुणीतरी हाक मारतंय."

"हो."

"पण हात? हात तिचा आहे!"

"ज्यानं शिकवलं त्याचा हात शिकणाऱ्याला लागतो. हा दूर डोंगरातला एक निवृत्त पोस्टमास्तर आहे. त्याचे डोळे गेल्यावर कुमुदनं त्याला मोर्स शिकवला. हवेतूनच, रोज सव्वासहाला. तो फार सावकाश ठोकतो, दुसऱ्या कुणाला तेवढा धीर नसतो. त्याचं बोलणं हिच्याशीच होतं."

व्यापारी उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मी रोज ऐकत होतो."

"मग मला का सांगितलं नाहीत? आणि तो बिचारा आंधळा माणूस, नऊ महिने... तुमची दांडी हाताशी होती मास्तर! चार शब्द ठोकले असते तर काय झालं असतं?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "तीनदा दांडीवर हात ठेवला मी. तीनदा उचलला. तुम्हाला तोंडानं सांगितलं असतं तर तुम्ही मानलं नसतंत. तुम्ही भांडं चांगलंच आहे असं धरून बसला होतात. त्याला सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी हाक मारायचा थांबला असता, आणि तुम्ही सव्वासहाला रिकाम्या खरखरीसमोर बसून ती पुन्हा गेली असं समजला असतात. ती एकदा गेली, आपण पाहिलं. तिला दुसऱ्यांदा घालवायचं काम मला जमलं नाही. त्या माणसावर मी अन्याय केला. तो दोष माझा. पण ती बातमी द्यायचा अधिकार ज्याचा होता, त्याला अजून ऐकू येत नव्हतं. ऐकू येईपर्यंत मी थांबलो."

रेडिओवर नाव पुन्हा वाजलं. उत्तर नाही. पुन्हा वाजलं.

मास्तरांनी कपाट उघडलं, रुमाल सोडला आणि पितळी दांडी संचाला जोडून व्यापाऱ्यापुढे ठेवली. "घे," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरेतुरे केलं.

त्या लख्ख डागावर व्यापाऱ्याचं बोट बरोबर बसलं. यापूर्वी त्यानं मास्तरांच्या आणि परीक्षेच्या दांडीवर ठोके दिले होते, घाबरत, मोजूनमापून. आता त्यानं त्या माणसाचं कॉलसाइन ठोकलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. हात आपसूक चालत होता. शेवटचा ठोका लांबला. त्यानं लांबवला नव्हता. मास्तर खुर्चीत ताठ झाले. बावीस वर्षं भिंतीआडून ऐकलेलं सगळं त्या बोटात कधी उतरलं होतं कोण जाणे. ते कुमुदचं बोट होतं.

 मग पलीकडून ठोके कोसळले, अडखळत, एकमेकांवर आदळत. तो म्हातारा घाई करत होता.

*कुमुदताई. तुम्हीच. हात ओळखला. इतके दिवस कुठं होता. तुम्ही म्हणाला होता ऐकू आलं नाही तर आकाश खराब असतं, माणूस गेलेलं नसतं, हाक मारत राहा. मी मारत राहिलो. तुम्हीच ना.*

आणि तो उत्तरासाठी थांबला.

खोलीत अंधारून आलं होतं. मास्तर मुद्दाम दुसरीकडे बघत होते. व्यापाऱ्याच्या बोटाखाली दांडी थंड होती. 'हो' म्हणायला किती ठोके लागतात हे त्याला माहीत होतं. फार थोडे. एवढे ठोके दिले असते तर कुमुद त्या डोंगरात रोज सव्वासहाला जिवंत राहिली असती, आणि तीही याच्याच हातानं. कुणाला कळलं नसतं. तिचं काही बिघडलं नसतं. 

मग त्यानं आपलं स्वतःचं कॉलसाइन ठोकलं. सावकाश, नवशिक्यासारखं. आणि पुढे ठोकलं: *मी तिचा नवरा. माघात तिची दांडी शांत झाली. उशिरा सांगतोय. क्षमा करा.*

खरखर. एक मिनिट गेलं, दोन गेली. ती आता कुणाच्या श्वासासारखी वाटत नव्हती. नुसती आकाशाची खरखर होती.

मग पलीकडून ठोके आले, फार हळू. *मला वाटलं आकाश खराब आहे.* आणि थोड्या वेळानं: *त्या सांगायच्या, भिंतीपलीकडे एकजण पेपर वाचत बसतो. त्याला काही कळत नाही, पण तो ऐकत असतो. ते तुम्ही.*

*मी,* व्यापाऱ्यानं ठोकलं.

*उद्या याल का.*

*येईन. सव्वासहाला.*

शेवटी दोन छोट्या टिचक्या आल्या. डिट, डिट.

व्यापारी सवयीनं ऐकत राहिला. खुर्ची सरकण्याचा आवाज आला नाही. कुणी बाहेर आलं नाही. त्यानं बोट खाली नेलं आणि दोन टिचक्या परत केल्या. मग स्वतःची खुर्ची मागं सरकवली. फरशीवर तिचा आवाज झाला आणि तो ऐकून तो जागीच थबकला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मास्तर, बसा तुम्ही. चहा मी टाकतो."

माणूस गेल्यानंतरही त्याच्या नावानं हाका बरेच दिवस येत राहतात. त्यांना उत्तर द्यावं, पण आपल्या नावानं.